दुखऱ्या गुडघ्याचं सोंग

तानाजी पैलवानाच्या घरात खोटं बोललेलं चालत नसे. सूट होती ती फक्त गुडघ्यापुरती, आणि ती सूटही स्वतः तानाजीनंच दिलेली होती.

झालं असं की शिमग्याच्या सुमारास दूरच्या एका मैदानात त्याची लेक संस्कृती कुस्ती खेळताना पडली. वरची पोरगी अंगावर, खाली पाय अडकलेला, आणि गुडघ्यातून ओली काडी मोडल्यागत आवाज आला. गुडघा उजवा. आतली दोरी तुटली, असं डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं आणि ऑपरेशन करून नवी दोरी बसवली. घाटनांदूरजवळच्या आपल्या गावी ती परत आली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो आधी बिस्किटाचा पुडा ठेवी, मग विचारी, "कोनता पाय?" आणि तानाजी छातीठोकपणे सांगे, "डावा."

पैलवानाचं दुखणं जगाला कळू द्यायचं नसतं, ही तालमीतली जुनी रीत. कळलं की समोरचा पहिला हात तिथंच घालतो. कार्तिक सरला की गावात खंडोबाची जत्रा, जत्रेत मानाची कुस्ती, आणि ती संस्कृतीनंच लढायची हे तानाजीनं देवापुढं भंडारा उधळून कबूल केलेलं. तेव्हा पोरीला गावात डाव्या पायानं लंगडायचं शिक्षण मिळालं. पट्टा डाव्या गुडघ्याला, तोही कपड्यावरून, सगळ्यांना दिसेल असा. आधी वॉकर होता म्हणून निभावलं. वॉकर सुटल्यावर तानाजीनं अंगणात तिच्याकडून लंगडण्याची तालीम करून घेतली.

"आनखी थोडा झोल दे. हां. खांदा बी पाड. आता कसं, खरंच दुखतंय असं वाटतंय," असं म्हणून तो डाव शिकवल्यासारखा समाधानानं मान हलवी.

तिची आई सत्यशीला चुलीपासून हे बघायची. "खरा पाय दुखतोय त्येचं कुनाला काय न्हाई, आन् खोट्या पायाचे किती लाड," एवढंच ती म्हणाली. नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण बायकोचं बोलणं खरं निघालं की त्याला कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं.

पण खरी गोष्ट ना आईला माहीत होती ना बापाला. त्या मैदानात गुडघ्यातून आवाज आला, कळ मस्तकात गेली, आणि त्या कळेच्याही आधी संस्कृतीच्या मनात एकच शब्द आला होता: सुटले.

तिला कुस्ती यायची. तीच तर अडचण होती. येत नसती तर बापानं केव्हाच नाद सोडला असता. लहानपणी हौस म्हणून हौद्यात, म्हणजे तालमीतल्या लाल मातीच्या खड्ड्यात उतरली, दोन पोरं चीत केली, आणि त्या दिवसापासून तिचे केस कापले गेले, तिच्या दुधाची म्हैस वेगळी झाली, तिचं ताट वेगळं झालं. दर कुस्तीच्या आधी ती आडोशाला जाऊन ओकायची. तानाजी म्हणायचा, "रग हाय रग. मला बी व्हायचं." ती रग नव्हती. ती भीती होती, आणि भीतीपेक्षाही जास्त नकोसेपण होतं. पण सगळं गाव टाळ्या वाजवत असताना नकोसं वाटतं, हे सांगायचं कुणाला? दुखतंय म्हटलं की दहा माणसं धावतात. नकोय म्हटलं की तीच दहा माणसं विचारतात, कावून? का म्हणून?

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी व्यायामासाठी अंबाजोगाईला योगिता मॅडमकडं जायला सांगितलं. औषधाच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर गेलं की तिच्या दोन खोल्या. ह्या बाईची एक पद्धत होती. सगळ्यांना एकच व्यायाम ती देत नसे. प्रत्येकाला आधी विचारी, "गुडघा कशासाठी पाहिजे तुम्हाला?" मेंढरं राखणारी कडूबाई म्हणाली होती, डोंगर चढायला. तिला वाळूची पिशवी कोकरासारखी काखेत धरायला लावून योगिता जिना चढउतार करायला लावी. एका रिटायर मास्तरांना फक्त भजनाला मांडी घालून बसायचं होतं. त्यांचं सगळं औषध सतरंजीवर चाले.

संस्कृतीला तिनं तोच प्रश्न विचारला, आणि संस्कृतीनं तोंड उघडायच्या आत तानाजी बोलला, "जत्रेत लढायचंय जी. मानाची कुस्ती हाय."

योगितानं मान डोलावली आणि त्याप्रमाणे सगळं आखलं. आधी पाय सरळ करणं, मग वाकवणं, मग एका पायावर तोल, मग उड्या, मग वळणं. ते तिनं चांगलं आखलं होतं, यात वाद नाही. पण टेबलावर पडल्या पडल्या संस्कृती छताकडं बघत राहिली. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? तिच्याकडं उत्तर तयार नव्हतं. ते शोधण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला.

घरचा व्यायाम तालमीत, दार लावून चालायचा. एकटी पोर कंटाळेल म्हणून तानाजी स्वतः शेजारी बसे आणि ती करेल ते करे. ती टाच ओढी, हाही ओढी. त्याचाही एक गुडघा जुन्या कुस्तीत गेलेला होता, त्याला कधी कुणी हात लावला नव्हता, आणि उकिडवं बसणं तर तो विसरूनच गेला होता. सुरुवातीला तर तो नुसता कण्हत असे. "मेलो बे," असं स्वतःलाच म्हणून तो हसे आणि पुन्हा टाच ओढी. व्यायाम झाला की तेल, ताक, हळद जिरवलेली हौद्यातली माती तो तिच्या गुडघ्यावर थापत असे, पार मांडीपर्यंत. माती जड. पाय हलवता यायचा नाही. ती तशी रोवलेली बसे, आणि तो तिला जत्रेत कोणता डाव कधी टाकायचा ते समजावी.

सोयाबीन काढायला आलं तेव्हाची गोष्ट. दुपारी घरात कुणी नव्हतं. म्हशीच्या गव्हाणीखाली बादली घरंगळत गेली म्हणून संस्कृती वाकली, आणि बादली हातात आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पूर्ण उकिडव्या बसलोय. कळ नाही, ओढ नाही. ती तिथंच बसून राहिली आणि रडली. आधी आनंदानं रडली, मग त्याच रडण्यात जत्रा आठवली.

त्या संध्याकाळी बापानं टाच धरून गुडघा वाकवायला घेतला, आणि निम्म्यावर आल्यावर ती म्हणाली, "आई गं!"

तानाजीनं हात काढून घेतला. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. उद्या बघू."

एकदा आई गं म्हटलं की दुसऱ्या दिवशीही म्हणावंच लागतं. झालं, तिचे हाल सुरू झाले. गावात डाव्या पायानं लंगडायचं ते गावासाठी. घरात उजवा गुडघा अडकल्याचं दाखवायचं ते बापासाठी. बाहेरून आली की उंबऱ्यावर पाय बदलायचा. एकदा तर घाईत ती दोन्ही पायांनी लंगडली, आणि शेजारच्या तुळजाबाईनं विचारलं, "आता कंबर बी गेली का गं?" नीट चालायला तिला सगळ्या गावात एकच जागा उरली होती: न्हाणीघर. दार लावून ती तिथल्या तिथं चार पावलं जायची, चार पावलं यायची. कडूबाईच्या मेंढरांनासुद्धा रात्री कोंडायच्या वाघुरीच्या जाळीत याहून जास्त जागा असेल.

दरम्यान गावाच्या फाट्यावर अमरसिंहांनी बॅनर लावला. हे आमच्या भागातले पुढारी. ज्याच्या दारात बॅनर नाही असा माणूस त्यांनी ठेवलेला नाही. बॅनरवर संस्कृती दंड थोपटून उभी, तिच्यापेक्षा मोठे अमरसिंह हात जोडून उभे, आणि खाली 'वाघीण मैदानात परतणार!' ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुमी फकस्त उभ्या ऱ्हावा. जत्रेला टीव्हीवाले आनायची जिम्मेदारी आपली."

इकडं एक भलतंच घडत होतं. व्यायामानं लेकीचा गुडघा अडलेला राहिला आणि बापाचा सुटला. पारावर सगळ्यांसमोर तानाजी एक दिवस सहज उकिडवा बसला, तर पंडित गुरव ओरडला, "पैलवान, तुमचं लंगडनं कुठं गेलं बे?" सगळे हसले. तानाजी हसला नाही. घरी येऊन तो ओसरीवर बसला. "माझा निब्बर गुडघा वळतोय आन् पोरीचा कवळा गुडघा वळंना," तो सत्यशीलाला म्हणाला. "म्हंजी व्यायामात खोट न्हाई. ऑपरेशनातच कायतरी ऱ्हाऊन गेलं असंल."

सरळ माणसाचा हिशोब सरळ असतो, आणि म्हणूनच तो कधी कधी भलत्या गावी पोचतो. त्यानं अमरसिंहांना गाठलं. अमरसिंहांनी संभाजीनगरच्या एका मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. भूल देऊन गुडघा वाकवून बघू, आत चिकटला असेल तर उघडून मोकळा करू. सोमवार ठरला.

संस्कृतीनं हे ऐकलं. तिचा धडधाकट गुडघा पुन्हा फाडायला निघाले होते, आणि तेही मायेपोटी. खरं सांगावं तर जत्रा, नाही सांगावं तर सुरी. तिनं दोन्ही वाटा मनातल्या मनात चालून पाहिल्या, आणि दोन्हीकडून ती त्याच तालमीच्या दारात येऊन उभी राहिली.

सोमवारच्या आधी योगिता मॅडमकडं शेवटची खेप होती. तानाजी खाली चहाच्या गाड्यावर थांबला. टेबलावरून उतरताना संस्कृतीची चप्पल आत सरकली. मनात सोमवार घोळत होता, पायाकडं लक्ष नव्हतं. ती खाली बसली, टाचांवर पूर्ण बूड टेकवून टेबलाखाली वाकली, चप्पल ओढली आणि हाताचा आधार न घेता उठली.

योगिता समोरच उभी होती.

"किती दिवसांपासून?" तिनं विचारलं.

संस्कृतीनं मान खाली घातली. "सोयाबीन काढायच्या टायमापासून."

"मला वाटतच होतं. सूज नाही, ताकद पुरी आहे, आणि तरी पाय दर वेळी एकाच जागी अडतो. दुखणारा गुडघा इतका शिस्तीचा नसतो गं." योगितानं दार लोटलं आणि स्टूल ओढलं. "सोमवारचं मला तुझ्या वडिलांनी सांगितलं. भूल दिली की काय होईल, माहीत आहे ना? तू झोपशील, पण गुडघा आपोआप वळेल. डॉक्टर बाहेर येऊन वडिलांना सांगतील की हिला काहीच झालेलं नाही. तू शुद्धीवर यायच्या आधी त्यांना कळलेलं असेल."

ही तिसरी वाट तिनं हिशोबात धरलीच नव्हती. आपण झोपेत असताना आपलाच पाय आपल्याबद्दल सांगणार, आणि बाप तिथं परक्या दवाखान्याच्या पॅसेजमध्ये एकटा उभा राहून ते ऐकणार. तिला आधी बापाचंच वाईट वाटलं.

"मॅडम, तुमीच सांगा ना त्यान्ला. आता कुस्ती जमनार न्हाई म्हनावं. तुमचं ऐकत्याल."

"नाही. मी बरा केलेला गुडघा अधू आहे, असं मी म्हणणार नाही. आणि म्हटलं तरी तुला काय मिळेल? आयुष्यभर सांभाळावं लागेल ते लंगडणं. सासरीसुद्धा." योगितानं स्टूल पुढं सरकवलं. मग तिचा आवाज उतरला. "पण चूक माझीही झाली. मी सगळ्यांना विचारते, आणि तुझ्या वेळी उत्तर तुझ्या वडिलांकडून घेतलं. आता तुला विचारते. कशासाठी पाहिजे होता गुडघा?"

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. संस्कृती बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"मला कुनाला पाडायचं न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "बस, एवढंच. बाकी काय करायचं ते मला बी अजून ठाव न्हाई."

"एवढं पुरे आहे," योगिता म्हणाली. "पण ते मला सांगून उपयोग नाही."

परतीच्या गाडीत तानाजीनं तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः तिच्या पायाला गर्दीचा धक्का लागू नये म्हणून आडवा उभा राहिला. "भिऊ नको," तो वाकून म्हणाला. "मी आतपतोर येतो. न्हाई म्हनले तर दाराशी बसतो, पर हालत न्हाई." असा बाप वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

दिवस मावळायच्या आत ते तालमीत बसले होते. तानाजीनं माती थापायला सुरुवात केली. गुडघा झाकला, मांडी झाकली. वरून हात फिरवून तो म्हणाला, "खंडोबा बघून घील."

"आबा," संस्कृती म्हणाली, "माझा गुडघा बरा झालाय."

त्याचे हात थांबले.

तिनं मातीतून पाय उपसला. उभी राहिली, बैठक मारली, उठली, पुन्हा मारली, एका उजव्या पायावर उडी मारून दाखवली. तानाजी तोंड उघडं टाकून बघत होता. आता ओरडेल, आता हात उगारेल, म्हणून ती थांबली. पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. केव्हापासून, कसं, आधी कावून सांगितलं नाहीस, यातलं काही म्हणजे काही त्यानं विचारलं नाही. त्यानं मातीच्या हातांनी तिचं तोंड कुरवाळलं आणि दार उघडून बाहेर धूम ठोकली. "अगं ए! पोरीचा गुडघा सुटला! खंडोबानं ऐकलं!"

बघता बघता दारात माणसं जमली. कुणी नारळ फोडला. पंडित गुरवानं भंडारा उधळला. तुळजाबाईनं तिच्या पायावरून ओवाळायला भाकरतुकडा आणला आणि माती बघून थबकली. "पैलवान, डावा व्हता ना? माती तर उजव्याला हाय."

"आता काय लपवायचं!" तानाजी खदाखदा हसला. "उजवाच व्हता. येड्यात काढलं तुमाला सगळ्यान्ला!" गावही हसलं. फसवलं गेल्याचा आनंद फक्त पैलवानाच्या गावातच होऊ शकतो. कुणीतरी अमरसिंहांना फोन लावला आणि तो संस्कृतीच्या कानाला नेऊन भिडवला.

"ताई! मग जत्रा पक्की का?" फोनमधून आवाज आला.

तिनं फोन बाजूला केला. "आबा, आत या," ती म्हणाली.

तालमीचं दार तिनं लोटून घेतलं. बाहेर हलगी आणायची बोलणी चालली होती. सत्यशीला तेवढी आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"गुडघा बरा हाय," संस्कृती म्हणाली. "पर मी लढनार न्हाई."

"भ्या वाटतंय का? वाटतंच पयल्यांदा. मातीत उतरलीस की—"

"भ्या न्हाई. आता न्हाई, आन् परत कवाच न्हाई. मला नको वाटतंय, आबा. पयल्यापासनंच नको वाटत व्हतं."

तानाजीनं बायकोकडं बघितलं. तिनं नजर वळवली नाही. तो हौद्याच्या काठावर बसला. उकिडवा, अगदी सहज, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"कावून?" त्यानं विचारलं.

"कारन न्हाई."

"कारन न्हाई म्हंजी? असं कसं? लोकान्ला काय सांगू? नवसाचं काय? पोरगी धडधाकट हाय, आन् लढत न्हाई, असं सांगू?"

बाहेर हलगीवर पहिली थाप पडली आणि पोरांनी शिट्ट्या घातल्या. तानाजीनं दाराकडं बघितलं, मग लेकीकडं. त्याचा चेहरा उतरत गेला. इतक्या मैदानांत इतक्यांनी पाडलं होतं त्याला, पण असा चेहरा संस्कृतीनं कधी पाहिला नव्हता. मग त्यानं हात पुढं केला आणि तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला, अगदी हलक्यानं.

"आईक," तो कुजबुजला. "तू फकस्त दुखतंय म्हन. आत्ताच परत दुखाया लागलं, एवढंच. बाकी मी बघतो. गावाला मी सांगतो, अमरसिंगाला मी सांगतो, देवाला बी मीच सांगतो. संभाजीनगरला बी न्हाई जायचं. कुनी तुला इचारनार न्हाई, परत कवाच न्हाई. म्हन, पोरी. दुखतंय म्हन."

इतके दिवस ती हेच तर मागत होती. दार बापानं स्वतःच्या हातानं उघडून धरलं होतं, आणि त्यातून तिला जन्मभर लंगडतच जावं लागणार होतं.

तिनं त्याचा हात गुडघ्यावरून उचलला आणि आपल्या हातात धरला.

"न्हाई दुखत, आबा."

"जरा बी?"

"जरा बी न्हाई."